रंगाचं देणं

माझ्या हातात जे काही थोडंफार कौशल्य आहे ते बुटांना रंग देण्याचं. सुटाखाली घालायचे पुरुषांचे चामडी बूट असतात, त्यांच्या टोकाशी गडद, मध्ये उजळ, शिवणीच्या कडेनं सावली धरलेली अशी छटा आणायची, की नवा बूटही बरीच वर्षं जपून वापरल्यासारखा दिसावा. या कामाला पटीना म्हणतात. आमच्या कारखान्यात अँटीकिंग म्हणत. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला मी ते शिकले आणि निवृत्त होईपर्यंत करत राहिले. या कामावर घर चाललं, मुलींची शिक्षणं झाली. त्याहून मोठं असंही काही पदरात पडलं, आणि ते ज्यांच्यामुळे पडलं त्यांतल्या दोघांचं देणं मला इथं मांडायचं आहे. एकीनं मला हाताला धरून शिकवलं. दुसऱ्यांनी मला काय दिलं होतं, हे कळायला निम्मं आयुष्य गेलं.

आमचं गाव वारणेकाठी. वडील शाळामास्तर, घरची थोडी शेती. घरातल्या सगळ्यांची पायताणं गावातल्या एकाच घरातून यायची. ती करणारे गृहस्थ वडिलांपेक्षा वयानं मोठे होते, पण आम्ही पोरंसुद्धा त्यांना नुसत्या नावानं, एकेरीत हाक मारायचो. ते ओट्याखाली उभे राहायचे. पायताण जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरायचे, मग आमच्यातलं कुणी ते उचलायचं. सुगीला धान्य, दिवाळीला जुने कपडे आणि फराळ, एवढाच व्यवहार. रोख पैसे त्यांच्या हातावर ठेवलेले मला आठवत नाहीत. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना तसं विचारलेलं नाही.

नवं पायताण फिकं, पिवळट आणि कडक असायचं. ते दर वेळी सांगायचे, "तेल घाला, उन्हात नगा ठिवू, आन् वरीसभरानं रंग बघा." आई तेल घालायची. दोन-तीन वर्षांत पट्टा काथाच्या रंगाचा व्हायचा. तो मळ आहे, अशीच माझी समजूत होती. एकदा आईच्या पायताणाचा पट्टा उसवला तेव्हा त्यांनी तो ओट्याखालीच बसून रापीनं सोडवला आणि आतली बाजू वर धरून मला दाखवली. जिथं एक थर दुसऱ्याखाली झाकला गेला होता, तिथं चामडं पहिल्या दिवसासारखं फिकं होतं. "ह्यो मूळचा रंग," ते म्हणाले. मी लांबूनच पाहिलं, मान हलवली आणि आत गेले. शिकवण्याचा तो क्षण होता आणि मी तो तसाच टाकून दिला, हे तेव्हा कळण्याएवढी समज मला नव्हती.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्थॅम्प्टनला आले. नेन नदीवरचं हे गाव. जवळपास ओकची झाडी, गुरांचा बाजार आणि वाहतं पाणी, म्हणजे कातडं कमावायला लागतं ते सगळं हाताशी. त्यातून इथं शेकडो वर्षांपूर्वी जोडे करण्याचा धंदा रुजला. 1642 मध्ये इथल्या कारागिरांनी सैन्यासाठी हजारो जोड पुरवल्याची नोंद आहे. चर्च, क्रॉकेट अँड जोन्स, एडवर्ड ग्रीन हे जगभर नावाजलेले कारखाने याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. गावाच्या संग्रहालयात बुटांची दालनं आहेत. फुटबॉलच्या संघाला सारं गाव कॉब्लर्स म्हणतं, आणि सामन्याच्या दिवशी जोडे शिवणाऱ्यांच्या या नावानं हजारो माणसं घोषणा देतात. आमच्याकडे त्या धंद्याचं नाव मी बहुतेक वेळा कुणाला तरी खाली पाडण्यासाठीच घेतलेलं ऐकलं होतं. इथं तेच नाव अंगावर मिरवताना पाहून मी गोंधळून जायची.

माझी बी. ए.ची पदवी इथं फारशी कामाची नव्हती. शेजारणीनं एका कारखान्याच्या शू रूमची जागा सुचवली. बुटाच्या कारखान्यात कातडं कापतात ते क्लिकिंग, वरचा भाग शिवतात ते क्लोजिंग, मग साच्यावर ताणणं, कडेची वेल्ट नावाची पट्टी शिवणं, तळ बसवणं, आणि सगळ्यांत शेवटी शू रूम. तिथं बूट पुसतात, रंगतात, घासतात, नाड्या ओवतात आणि खोक्यात घालतात. काम मिळालं त्या आठवड्यात मी आईला पत्र लिहिलं, की एका कंपनीत क्वालिटी विभागात लागले. बूट हा शब्द पत्रात नव्हता. कामावर मी रबरी हातमोजे घालून बसायची आणि कुणी विचारलं तर रंगाची ॲलर्जी आहे म्हणायची. ॲलर्जी नव्हती. दुसऱ्याच्या पायात जाणारी वस्तू उघड्या हातानं धरायची माझी तयारी नव्हती, आणि हे मी स्वतःशीसुद्धा स्पष्ट बोलले नव्हते.

शू रूमच्या प्रमुख बाई त्या वेळी पन्नाशीच्या पुढच्या होत्या. शाळा सोडल्यापासून त्याच खोलीत. त्यांची आई क्लोजिंगमध्ये होती, आजोबा तळ शिवायचे. त्या मोठ्यानं कधी बोलत नसत. काही दिवस त्यांनी माझे हातमोजे पाहिले आणि एके सकाळी एक बूट माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "मोज्यातून तुला चामडं गरम झालेलं कळणार नाही. फडकं ओढायला लागलं की थांबायचं असतं, तेही कळणार नाही. ॲलर्जी असेल तर मी तुला खोकी भरायला देते, त्यात कमीपणा नाही. पण रंगाचं काम हवं असेल तर हात उघडे लागतील." त्यांना खरं कारण कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी ते कधी काढलं नाही. मी मोजे उतरवले.

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. रंग म्हणजे भिंतीला देतात तसा वरून द्यायचा थर, अशी माझी कल्पना. त्यांनी दोन तुकडे दिले. एक स्वस्त बुटाचं चामडं: वरची साल घासून काढलेली आणि त्यावर रंगाचा जाड, प्लॅस्टिकसारखा पडदा चढवलेला. दुसरं वासराचं, कमावल्यावर काहीच न चढवलेलं; त्याला क्रस्ट म्हणतात. दोन्हींवर स्पिरिटमध्ये विरघळलेल्या रंगाचा एकेक थेंब टाकायला सांगितला. पहिल्यावर तो थेंब तसाच बसून राहिला आणि पुसला तर निघून गेला. दुसऱ्यावर टेकताक्षणी आत गेला, पसरला आणि त्याच्या कडेला एक गडद रेघ उमटली. त्या म्हणाल्या, "वरचा रंग निघतो. आतला रंग बदलतो. आपण आतल्यावर काम करतो."

पुढं त्यांनी जे शिकवलं ते सांगायला सोपं आणि करायला फार अवघड. फिक्यापासून सुरुवात करायची, कारण गडदाकडे जाता येतं, परत फारसं येता येत नाही. फडकं बोटाला घट्ट गुंडाळायचं, इतकं की सुरकुती राहू नये. सुरकुतीची रेघ बुटावर उमटते. रंग पातळ करायचा आणि थरावर थर द्यायचे. स्पिरिट झपाट्यानं उडतं, म्हणून हात थांबता कामा नये. थांबला की तिथं कड धरते. नवा थर खालच्या थराला थोडा सैल करतो, त्यामुळे दोन रंग एकमेकांत मुरतात, आणि हीच त्यातली करामत. पिवळसर बदामीवर लालसर तपकिरी, त्यावर टोकाशी अगदी थोडा काळा, असं केलं की खालचा बदामी वरून दिसत राहतो. नुसता गडद तपकिरी दिला तर तसा दिसत नाही, कितीही महाग रंग वापरा. मग क्रीम, मग मेण. कार्नोबा आणि मधमाशीचं मेण यांचं मिश्रण टोकाला आणि टाचेच्या मागं लावून बूट फिरत्या ब्रशला धरायचा. घर्षणानं चामडं तापतं आणि तेवढ्याच जागी गडद होतं. ही उष्णता बोटांनी मोजायची. जास्त झाली तर साल करपते, आणि करपलेल्या सालीला उपाय नाही.

काही महिन्यांनी मनात घोळत असलेला प्रश्न मी त्यांना विचारला. नव्या बुटाला जुना दाखवायचं, हे खोटं नाही का? त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी कपाटातून एक जुना जोड काढला, वीसेक वर्षं वापरून दुरुस्तीला आलेला. "हा कुठं गडद आहे बघ," म्हणाल्या. टोकाशी, टाचेशी, छिद्रांच्या नक्षीत आणि शिवणीच्या खाचेत. आणि जिथं पाय दुमडतो तिथं उजळ. कारण सांगितलं ते असं: टोक आणि टाच आतून कडक असतात, वाकत नाहीत, म्हणून तिथं मेणाचे थर टिकतात, खाचेत ब्रश पोचत नाही, म्हणून पॉलिश साठतं, आणि मधला भाग प्रत्येक पावलाला दुमडतो, तिथं मेणाला तडा जाऊन ते निघून जातं. "वापरणाऱ्याचा हात जिथं रंग नेणारच आहे, तिथं आपण थोडा आधी ठेवतो. बाकीचा त्यानं चढवायचा." तेव्हापासून दुकानात टोकाला काळा फवारा मारलेले, दुमडीवरसुद्धा डाग पाडलेले बूट दिसले की मला वाईट वाटतं. त्या जागी रंग कसा येतो याचा विचार करणाऱ्यानं ते केलेलं नसतं. ते खरोखर खोटं असतं.

तपकिरी रंगाला इंग्लंडमध्ये फार काळ मान नव्हता. शहरात, कचेरीत काळा; तपकिरी तो खेड्यातल्या सुट्टीसाठी. एडवर्ड ग्रीन हा कारखाना डबघाईला आला असताना 1980च्या दशकात जॉन ह्लुस्टिक यांनी तो एका पौंडाला, कर्जासकट, विकत घेतला, आणि तपकिरीच्या खोल, सावली धरलेल्या छटांवर त्यांनी भर दिला. ही हकिकत नॉर्थॅम्प्टनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या बाईंना मात्र पॅरिसच्या ओल्गा बर्लुती यांचं विशेष वाटायचं. आलेस्सांद्रो बर्लुती हे इटलीहून पॅरिसला आलेले कारागीर, त्यांनी 1895 मध्ये सुरू केलेला हा घरचा धंदा. ओल्गा 1959 मध्ये त्यात आल्या. पुरुषांच्या बुटांच्या त्या जगात काळ्या आणि तपकिरीपलीकडे फारसं काही नव्हतं. 1980च्या दशकात त्यांनी न रंगवलेल्या मऊ चामड्यावर हातानं रंग चढवून निळे, हिरवे, जांभळे, वाइनच्या रंगाचे बूट केले. चंद्रप्रकाशानं चामड्याला पारदर्शकपणा येतो, असं त्या सांगत. त्यातलं खरं किती याची चर्चा आमच्या शू रूममध्ये रंगायची. पुढं पॅरिसला गेलो तेव्हा मी रू मार्बफवरचं ते दुकान शोधून काढलं. आत जायचं धाडस झालं नाही. काचेतून एक बूट पाहिला, गडद हिरवा, आणि कडेला जिथं हिरवा संपून काळा सुरू व्हायला हवा तिथं मला सीमाच सापडेना. हॉटेलवर येऊन मी आईला पत्र लिहिलं. त्यात पहिल्यांदा लिहिलं, की मी बूट रंगवते, आणि ते काम मला आवडतं. आईनं उत्तरात शेतीचं, पावसाचं, सगळ्यांच्या तब्येतीचं लिहिलं. त्या एका वाक्याला उत्तर नव्हतं. पण तिनं पत्र वडिलांना वाचून दाखवलं होतं, हे धाकट्या भावाकडून कळलं.

दुसऱ्या देण्याकडे मी वासामुळे वळले. तळाचं चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असतं. डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावी बेकर यांची टॅनरी आजही ओकच्या सालीत कातडी मुरवते. एकेका कातड्याला वर्षाहून अधिक लागतं. त्यांच्याकडचा माल एकदा आमच्याकडे आला. मी काही कामानं तळ बसवण्याच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. तो आमच्या ओट्याखालच्या नव्या पायताणाचा वास होता. अगदी तोच नव्हता, पण त्याच घरातला.

त्या शनिवारी मी गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेले; नॉर्थॅम्प्टनला तेव्हा चर्मतंत्र शिकवत. तिथं वाचून कळलं, की ओकची साल काय, बाभळीची साल काय आणि हिरडा काय, तिन्हींत टॅनिन असतं आणि तेच कातड्याचं चामडं करतं. कोल्हापूरकडे कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभूळ-हिरड्याचं पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात, हेही मी परदेशातल्या पुस्तकात वाचलं. माझ्या गावापासून काही कोसांवरची गोष्ट. जुन्या एका ग्रंथात इंग्लंडमध्ये येणाऱ्या हिरड्याच्या प्रती दिल्या होत्या, आणि त्यांत एका प्रतीचं नाव वेंगुर्ल्याचं होतं. आणि तिथंच हेही लिहिलेलं, की टॅनिननं कमावलेलं चामडं उजेडानं आणि हवेनं गडद होत जातं, तेलानं त्या रंगाला खोली येते, आणि झाकलेला भाग फिका राहतो. म्हणजे आईच्या पायताणावर होता तो मळ नव्हता. जो परिणाम साधायला मी आठ-आठ तास फडकं फिरवत होते, तो ओट्याखाली उभ्या राहणाऱ्या माणसानं तेल, वेळ आणि वापर यांच्यावर सोपवला होता, आणि मला उलगडून दाखवलाही होता.

बाईंना मी हे सगळं सांगितलं, हातमोज्यांचं खरं कारणही. त्यांनी ऐकून घेतलं. "त्यांच्याकडे जाऊन आलीस का?" एवढंच विचारलं.

मी गेले तेव्हा ते राहिले नव्हते. त्यांचा मुलगा कोल्हापुरात दुकान चालवतो असं कळलं, म्हणून त्यांच्या दुकानात गेले. मी त्यांना काही द्यावं या इच्छेनं रंग घेऊन गेले होते. स्पिरिट विमानात चालत नाही, म्हणून पावडर नेली आणि तिथं कालवली. ते मला ताई म्हणाले, मी दादा म्हटलं. त्यांच्या वडिलांबद्दल आम्ही कसे वागलो ते मी बोलून दाखवलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठाव हाय मला. मीबी यायचो की बरोबर." मला तो लहान मुलगा आठवेना. हे मला फार लागलं, अजूनही लागतं.

मग आम्ही कामाला बसलो. तेल घातलेल्या तुकड्यावर रंग डागाडागानं बसला, ते अपेक्षितच होतं. कोऱ्या तुकड्यावर मात्र तो सुरेख चढला. बदामी, त्यावर विटकरी, कडेला गडद. मला समाधान वाटलं. दादांनी तो वाळू दिला, अंगठा पाण्यात बुडवला आणि जोरात घासला. अंगठा तपकिरी झाला. "बुटात मोजा असतोय ताई. हितं उघडा पाय. घाम आला की समदा रंग पायाला." इतकी वर्षं मी रंगवलेल्या प्रत्येक बुटात चामडं आणि पाय यांच्यामध्ये मोजा होता, आणि तो मी कधी विचारात घेतलाच नव्हता. माझ्याकडे देण्यासारखं जे होतं ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

त्यांनीच मग मला दाखवलं. तळाला पाठीचं चामडं का घ्यायचं, ते. तेल एकदम न घालता थोडं थोडं, मुरू देऊन का घालायचं, ते. आणि दोन्ही पायांचे पट्टे एकाच कातड्यातून, शेजारी शेजारी कापायचे, म्हणजे वर्षानुवर्षं दोन्ही सारखेच रंगत जातात. नाहीतर एक गडद होतो आणि दुसरा मागं राहतो. नॉर्थॅम्प्टनच्या क्लिकिंगमध्ये जोडीचे तुकडे याच कारणासाठी शेजारून कापतात. हा नियम मी बाईंकडून ऐकला होता आणि तो फार वरच्या दर्जाच्या कारखान्यांचा म्हणून लक्षात ठेवला होता. "आबा तर आंधारातबी हातानं वळखायचे, कुठला पट्टा कुठल्या कातड्याचा," दादा म्हणाले.

निघताना मी माझ्यासाठी एक जोड घेतला, फिका, न रंगवलेला. किंमत विचारली. त्यांनी सांगितली, एक पैसा कमी-जास्त न करता. मी नोटा त्यांच्या हातात दिल्या, त्यांनी मोजून गल्ल्यात ठेवल्या आणि माझ्या माहेरच्या आडनावानं पावती फाडून दिली.